स्थानिक संस्थेचा ठराव आणि नागरिकाचा हक्क : महाड, उडुपी व रतलाम येथील तीन लढ्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास बहुधा संस्थांच्या बाजूने लिहिला गेला आहे. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव, त्यानंतर प्रांतोप्रांती झालेले कायदे, निवडणुकीच्या तत्त्वाचा विस्तार आणि शेवटी १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या असा त्या इतिहासाचा रूढ क्रम आहे. या क्रमात नागरिक मतदार म्हणून येतो, करदाता म्हणून येतो; परंतु संस्थेच्या निर्णयापुढे उभा राहून ‘हा निर्णय घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे काय?’ असे विचारणारा नागरिक मात्र क्वचितच दिसतो. वास्तविक स्थानिक संस्था ही नागरिकाच्या सर्वांत जवळची शासनसंस्था होय. पाणी, रस्ता, गटार, बांधकामाची परवानगी या रोजच्या बाबी तिच्या हाती असतात. त्यामुळे तिच्या निर्णयाचा लाभ जसा तात्काळ पोहोचतो, तसाच अन्यायही तात्काळ पोहोचतो.

प्रस्तुत लेखात तीन नगरपालिकांशी संबंधित तीन लढ्यांचा विचार केला आहे : कुलाबा जिल्ह्यातील महाड (१९२४–१९३७), कर्नाटकातील उडुपी (१९७४) आणि मध्य प्रदेशातील रतलाम (१९८०). काळ, प्रदेश व प्रश्न यांबाबत हे लढे परस्परांहून अगदी भिन्न आहेत. महाडच्या लढ्याचे सामाजिक मोल तर इतर दोहोंच्या तुलनेत कितीतरी मोठे आहे. तथापि या तिन्हींमध्ये एक समान सूत्र आढळते. नागरिकांच्या मागणीसमोर महाडमध्ये रूढी, उडुपीत झालेला खर्च आणि रतलाममध्ये पैशाचा अभाव अशी तीन कारणे उभी करण्यात आली. ही कारणे बाजूस सारून कायद्याने संस्थेवर कोणते कर्तव्य सोपवले आहे आणि ते कोणासाठी, या प्रश्नावर वाद आणला गेला, तेव्हाच नागरिकांची बाजू टिकली.

महाड : ठराव, त्याची माघार आणि मालकीचा प्रश्न

सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. सरकारने त्याच वर्षी त्याच्या अंमलबजावणीविषयी सूचना काढल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपल्या ताब्यातील तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात तीन वर्षे चवदार तळ्यावर काहीही बदलले नाही.

हा तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. स्थानिक संस्थेचा अन्याय नेहमी वाईट ठरावाच्या रूपानेच येतो असे नाही. चांगला ठराव करून तो निर्जीव ठेवणे हीदेखील त्याची एक रीत आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्च रोजी परिषदेस आलेल्या स्त्रीपुरुषांनी मिरवणुकीने जाऊन चवदार तळ्याचे पाणी घेतले. मागणीचा अर्ज करण्याऐवजी, नगरपालिकेने मान्य केलेला हक्क त्यांनी प्रत्यक्ष वापरला. त्याच दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि पुढे सनातनी मंडळींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले.

यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. संस्थेने स्वतःच दिलेला शब्द स्वतःच मागे घेतला. याला उत्तर म्हणून डिसेंबरात दुसरी परिषद व सत्याग्रह करण्याचे ठरले. तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. १४ डिसेंबर १९२७ रोजी तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई झाली. २५ ते २७ डिसेंबर या काळात परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु न्यायालयाच्या आदेशाचा मान राखून तळ्याचे पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब ठेवण्यात आला. हजारो लोक पाणी घेण्याच्या निर्धाराने आले असताना हा निर्णय घेणे सोपे नव्हते. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी ही तात्पुरती मनाई उठली, पण मूळ दावा चालूच राहिला.

दाव्यातील युक्तिवाद हा स्थानिक शासनाच्या अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक वाटेल. वादींचे म्हणणे असे की, अनादी काळापासून चालत आलेल्या रूढीने तळ्यावर केवळ स्पृश्यांचाच हक्क आहे. प्रतिवादींच्या बाजूने तळे कोणाचे, हा मूळ प्रश्न पुढे आला. ते सरकारी जागेवरील असून कायद्याने नगरपालिकेकडे निहित झाले आहे; नगरपालिका ते सर्व जनतेसाठी धारण करते. सबब काही रहिवाशांना इतरांना वगळण्याचा हक्क असू शकत नाही, अशी ही भूमिका होती. या मांडणीमुळे ठराव रद्द झाल्याचे महत्त्वच कमी झाले. १९२४ च्या ठरावाने हक्क निर्माण केला असता, तर तो रद्द होताच हक्क संपला असता. परंतु हक्क जर तळ्याच्या सार्वजनिक स्वरूपातूनच येत असेल, तर सभागृहातील बहुमत तो देऊही शकत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही.

महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये आणि ठाण्याच्या अपील न्यायालयाने १९३३ मध्ये निर्णय प्रतिवादींच्या बाजूने दिला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्या खंडपीठासमोरील मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. कायद्याच्या दृष्टीने आवश्यक असलेली अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हे या निकालाचे मर्म होय. समतेच्या तत्त्वावर न्यायालयाने भाष्य केले असे नव्हे. निकालाची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. तरीही, दीर्घकाळ कोणी वापर केला नाही एवढ्यावरून त्याला वगळण्याचा हक्क जन्माला येत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. पाणी घेण्याचा दिवस आणि अंतिम निकाल यांच्यामध्ये दहा वर्षे गेली होती.

उडुपी : झालेल्या खर्चाची सबब

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदामुळे नागरिकाला उच्च न्यायालयाचा मार्ग खुला झाला. परंतु शेजारच्या बांधकामाला दिलेल्या परवानगीशी सामान्य रहिवाशाचा संबंध काय, हा प्रश्न उरतच होता. उडुपी नगरपरिषदेने मंगल कार्यालय व व्याख्यानगृहासाठी असलेल्या इमारतीचे चित्रपटगृहात रूपांतर करण्यास मंजुरी दिली. ही मंजुरी नगररचना योजनेच्या विरुद्ध असल्याची तक्रार त्या भागातील एका रहिवाशाने केली. मंजुरी योजनेशी विसंगत आहे हे उच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र इमारतीवर खर्च झालेला असल्याने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले.

१९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अमान्य केली. संस्थेने कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन केलेली कृती, कोणी पैसे खर्च केले म्हणून वा कोणी काही काळ गप्प बसले म्हणून वैध होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नगररचना योजना ही त्या परिसरात राहणाऱ्यांसाठी असते. म्हणून तिचे पालन करवून घेण्याचा हक्क रहिवाशाला आहे, हेही या निकालाने मान्य केले. महाडमध्ये ‘असेच चालत आले आहे’ असे सांगण्यात आले होते. येथे ‘आता होऊन गेले आहे’ असे सांगण्यात आले. दोन्ही सबबींचे स्वरूप तत्त्वतः एकच आहे. वस्तुस्थिती निर्माण करायची आणि मग तिलाच हक्क म्हणायचे.

रतलाम : निष्क्रियता हाही निर्णय

महाड व उडुपी येथे नगरपालिकेने काहीतरी केले होते. रतलाममध्ये तिने काहीच केले नव्हते. तेथील एका वस्तीतील रहिवासी उघडी गटारे, मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी आणि शौचालयांअभावी रस्त्यावर होणारी घाण यांनी त्रस्त होते. त्यांनी उच्च न्यायालयाऐवजी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली. आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या आदेशाचा. सर्वसामान्यांना परवडणारा, तालुक्याच्या पातळीवर उपलब्ध असलेला हा उपाय होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला योजना आखून उपद्रव दूर करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो रद्द केला. उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. निधी नाही, हे तिचे मुख्य म्हणणे होते. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर व न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी ते फेटाळले. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ ने स्वच्छतेचे कर्तव्य संस्थेवर सोपवले आहे. आर्थिक अडचण सांगून त्यातून सुटका करून घेता येणार नाही. न्यायालयाने सांडपाणी थांबवणे, स्त्रिया व पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये बांधणे व त्यांची नियमित सफाई करणे अशी मुदतबद्ध कामे नेमून दिली. आदेश मोडल्यास अधिकारी व लोकप्रतिनिधी हे दंडास पात्र ठरतील, असेही बजावले.

या निकालातील आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. रस्त्यावर शौचास बसणाऱ्या झोपडीवासीयांना न्यायालयाने दोषी मानले नाही. ज्या संस्थेने सोय केली नाही तिला दोषी मानले. तक्रार मध्यमवर्गीय वस्तीतून आली असली तरी उपाय गरिबांची सोय करण्याचा होता. नागरिकांच्या तक्रारी पुष्कळदा दुर्बलांना हटवण्याकडे वळतात, हे पाहता या विवेकाचे मोल अधिकच जाणवते.

आजची साधने व त्यांच्या मर्यादा

या लढ्यांच्या काळात नसलेली काही साधने आज नागरिकाच्या हाती आहेत. महाराष्ट्रात २००२ मध्ये राज्याचा माहिती अधिकार कायदा आला आणि २००५ मध्ये केंद्रीय कायदा लागू झाला. त्यामुळे ठरावाची प्रत व टिपणी मिळवणे शक्य झाले. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ अन्वये बेकायदेशीर वा लोकहितविरोधी ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी तहकूब करू शकतात. नागरिक अर्जाद्वारे ही बाब त्यांच्या निदर्शनास आणू शकतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती घेता येतात. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा हजारो हरकतींनंतर २०१५ मध्ये फेरआखणीसाठी परत पाठवावा लागला, हे याचे ठळक उदाहरण होय. कलम १३३ ची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये कायम आहे.

परंतु साधनांच्या संख्येवरून हक्काची खोली मोजता येत नाही. महाडचा निकाल दहा वर्षांनी लागला. रतलामच्या रहिवाशांना साध्या गटारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. इतका काळ तग धरण्यासाठी संघटना लागते. महाडला ती चळवळीने पुरवली. एकट्या नागरिकाला ती कोठून मिळणार, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्थानिक संस्था सार्वजनिक मालमत्तेची विश्वस्त असते, मालक नव्हे. म्हणून तिच्या सभागृहातील बहुमतालाही कायद्याने घातलेली मर्यादा आहे.

२. रूढी, झालेला खर्च व निधीचा अभाव या तिन्ही सबबी न्यायालयीन कसोटीवर टिकल्या नाहीत. वाद संस्थेच्या वैधानिक कर्तव्यावर आणणे ही नागरिकाची सर्वांत प्रभावी भूमिका ठरली.

३. कृतीप्रमाणेच निष्क्रियतेलाही आव्हान देता येते. मंजूर पण अंमलात न आलेला ठराव हा या निष्क्रियतेचाच प्रकार होय.

४. न्यायालयीन मार्ग व लोककृती हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. २० मार्च १९२७ ची कृती नसती, तर तळे कोणाचे हा प्रश्न न्यायालयापुढे गेलाच नसता.

नगरपालिकांच्या जुन्या ठरावबुकांचा व इतिवृत्तांचा अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर झाल्यास, मंजूर होऊन निर्जीव राहिलेले असे किती ठराव गावोगावी पडून आहेत हे उजेडात येईल. १९२४ चा महाडचा ठराव तीन वर्षे असाच पडून होता. तो कोणीतरी वाचला आणि खरा मानला, तेव्हा इतिहास घडला.