पहारेकरीच उठत नाही तेव्हा: नेटवर्क स्कॅनरच्या ‘स्टार्ट’ची गोष्ट

आज सुरुवात एका साध्या प्रसंगापासून करू. समजा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या सकाळी ऑडिट आहे. तुम्ही सर्व्हरवर नेटवर्क स्कॅनरची सर्व्हिस सुरू करता. कर्सर थोडा वेळ नुसता लुकलुकतो आणि मग लाल अक्षरांत येतं, ‘फेल्ड’. परत सुरू करता, परत फेल्ड. मग आपण सगळे करतो तेच तुम्ही करता: अख्खं सॉफ्टवेअर काढून टाकायचं आणि नव्यानं इन्स्टॉल करायचं. पहाटे तीनला पुन्हा तोच लाल शब्द.

असं का होतं? याचं उत्तर एका कमांडमध्ये नाही. ते जवळपास तीस वर्षांच्या इतिहासात आहे. चला, मागे जाऊ.

५ एप्रिल १९९५. डॅन फार्मर आणि वीट्से व्हेनेमा या दोघांनी एक टूल इंटरनेटवर फुकट खुलं केलं. नाव काय, तर ‘सेटन’. म्हणजे चक्क सैतान! काम एवढंच, की नेटवर्कवरच्या मशीन्सची दारं एकेक करून ठोठावायची आणि कुठलं उघडं राहिलंय ते सांगायचं. केवढा गहजब झाला! चोरांच्या हातात किल्ल्या दिल्या, अशी ओरड झाली. त्याच सुमारास फार्मरला सिलिकॉन ग्राफिक्समधली नोकरी सोडावी लागली. नाव खटकणाऱ्यांसाठी सोबत ‘रिपेंट’, म्हणजे ‘पश्चात्ताप कर’, नावाची छोटी स्क्रिप्टही होती. ती चालवली की ‘सेटन’चा ‘सँटा’ व्हायचा.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात सेटनमध्येच एक भोक सापडलं. त्याचा स्वतःचा पासवर्ड ब्राउझरमार्फत बाहेर फुटू शकत होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सेटन हवा तेव्हा चालवायचा, काम झालं की बंद करायचा. तो कायम जागा राहणारा पहारेकरी नव्हता. त्यामुळे ‘सर्व्हिस सुरू होत नाही’ ही डोकेदुखीसुद्धा नव्हती.

ती आली १९९८ मध्ये. रेनो देरेझाँ नावाच्या फ्रेंच मुलानं, वय जेमतेम सतरा, ‘नेसस’ नावाचा स्कॅनर लिहिला आणि सोर्स कोडसकट सगळ्यांना देऊन टाकला. नेससचे दोन भाग होते. एक समोर दिसणारा क्लायंट. दुसरा मागे गुपचूप जागा असलेला सर्व्हर, ‘नेससडी’. शेवटचा ‘डी’ म्हणजे डीमन, पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम. तो १२४१ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसायचा.

इथेच गोष्ट वळते. जागं राहून पहारा द्यायला चार गोष्टी हाताशी लागतात: सर्टिफिकेट, युजर, तपासणीच्या स्क्रिप्ट्स आणि मोकळा पोर्ट. एक जरी नसली तरी काम अडतं.

सर्टिफिकेटचंच बघा. ते बनवणारी स्क्रिप्ट विचारायची, किती दिवस चालायला हवं? सर्व्हरच्या सर्टिफिकेटसाठी आधीच भरलेलं उत्तर होतं ३६५. सगळे एंटर दाबून मोकळे. बरोबर एक वर्षानं, काहीही न बदलता, एका सकाळी स्कॅनरचे भाग एकमेकांशी बोलणं बंद करायचे. माणूस शपथेवर सांगणार, ‘मी कशाला हातच लावला नाही’. अहो, नाही लावला म्हणूनच तर झालं!

आता २००५. तोवर देरेझाँनं रॉन गुला आणि जॅक हफर्ड यांच्यासोबत टेनेबल ही कंपनी काढली होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केलं, की नेससची पुढची तिसरी आवृत्ती ओपन सोर्स नसेल. त्यांचं म्हणणं असं, की स्पर्धक आमचा कोड वापरतात, पण इंजिन सुधारायला बाहेरून जवळजवळ कोणी हात लावत नाही. पटो न पटो, प्रश्न खरा होता. फुकट पाणी सगळे पितात, विहीर कोण उपसणार?

मग जुना मोकळा कोड घेऊन काही जणांनी वेगळी चूल मांडली. तिचं आधीचं नाव ‘ग्नेसस’, पुढे ‘ओपनव्हास’. २००८ मध्ये जर्मनीत ग्रीनबोन ही कंपनी उभी राहिली आणि तिनं हा संसार पुढे चालवला.

पण संसार वाढला तशी भांडीही वाढली. दोन भागांचे तीन झाले: स्कॅनर, मॅनेजर आणि वेब पान दाखवणारा तिसरा. २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून स्कॅनरला रेडिस हा डेटा साठवणारा प्रोग्राम सोबत लागायला लागला. दोघांनी एका सॉकेट फाइलमधून बोलायचं. स्कॅनर ती टेम्प फोल्डरमध्ये शोधायचा, रेडिसच्या सेटिंगमध्ये मात्र ती दुसरीकडे असायची किंवा बंदच. दोघं वेगवेगळ्या फाटकांवर एकमेकांची वाट बघत उभे!

त्याच वर्षी डेबियन लिनक्सनं सर्व्हिस सुरू करायचं काम सिस्टिमडीकडे सोपवलं. सिस्टिमडी शिस्तीचा. कुठल्याही सर्व्हिसला तयार व्हायला साधारणपणे ९० सेकंद देतो, नाहीतर मारून टाकतो. आणि इकडे स्कॅनरला हजारो तपासण्या वाचायच्या असतात. छोट्या मशीनवर पहिल्या वेळी ९० सेकंद सहज उलटतात. म्हणजे पहारेकरी उठतच असतो, आणि आपण म्हणतो मेला.

या सगळ्यावर लोकांनी उपाय काढला, ‘ओपनव्हास चेक सेटअप’ नावाची स्क्रिप्ट. ती एकेक पायरी तपासायची. जिथे अडलं तिथे ‘एरर’ आणि लगेच खाली ‘फिक्स’. ठेचा खाऊन शिकलेल्यांनी मागून येणाऱ्यांसाठी लिहिलेली ही वहीच म्हणा ना. यादीपेक्षाही तिचा क्रम मोलाचा होता. जो भाग दुसऱ्याच्या जिवावर उभा आहे, तो नंतर तपासायचा.

तोच क्रम आजही चालतो. आधी लॉग वाचा. शेवटची ओळ सोडा, पहिली चूक शोधा. मग डिस्क भरली आहे का बघा. रेडिस चालू आहे का? सॉकेटचा पत्ता दोन्हीकडे सारखा आहे का? स्कॅनरच्या युजरला तो वाचायची परवानगी आहे का? मग डेटाबेस, मग सर्टिफिकेटची तारीख, मग पोर्ट दुसऱ्या कोणी अडवलाय का. सगळं ठीक दिसलं तर चहा घ्या आणि थांबा. कदाचित तो अजून तपासण्याच वाचत असेल.

अजून एक. २०१९ मध्ये अकराव्या आवृत्तीत जुनी स्कॅनर सर्व्हिस ‘ओपनव्हासएसडी’ काढून टाकली आणि तिचं काम नव्या नावाच्या सर्व्हिसकडे गेलं. डेटाबेससाठी एसक्यूलाइटही गेलं, फक्त पोस्टग्रेस राहिलं. त्यामुळे २०१६ चा व्हिडिओ बघून कमांड मारली तर ‘अशी सर्व्हिसच नाही’ असं उत्तर येणार. चूक तुमची नाही, व्हिडिओचं वर्ष बघा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. लाल ‘फेल्ड’ला घाबरू नका, तो निदान खरं बोलतो. भीती हिरव्या रंगाची बाळगा. सर्व्हिस सुरू झाली, पण तपासण्या लोड झाल्याच नाहीत, किंवा समोरच्या मशीननं पिंगला उत्तर दिलं नाही म्हणून स्कॅनरनं तिला बंद समजलं, तर रिपोर्ट येतो कोरा. साहेब खूश, ऑडिट पास, आणि दार सताड उघडं. मग बैल गेला आणि झोपा केला! म्हणून मुद्दाम एक कच्चं मशीन ठेवा, ज्यात काय उघडं आहे ते तुम्हाला आधीच माहीत आहे. स्कॅनरला ते दिसलं, तरच बाकीच्या रिपोर्टवर विश्वास ठेवा.

आणि हो, स्कॅन फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या नेटवर्कवर. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये विनापरवानगी शिरलात, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची ४३ आणि ६६ ही कलमं आहेतच.

तर मंडळी, पुढच्या वेळी सर्व्हिस उठली नाही, की अनइन्स्टॉल करण्याआधी दहा मिनिटं लॉग वाचा. भेटू पुढच्या भागात. तोवर जागे रहा!