वजन घटलं, पण नेमकं काय घटलं?

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. एका माणसाची दहा किलो चरबी वर्षभरात कमी झाली. ती गेली कुठे? मुलं सांगतील, घामातून गेली, शौचावाटे गेली, तिची ऊर्जा झाली, तिचे स्नायू झाले. या उत्तरांना हसू नये. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक यांना विचारला, तेव्हा बहुतेकांनी ‘चरबीची ऊर्जा होते’ असंच सांगितलं. पण रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसं होत नाही, हे तर आपण शाळेतच शिकवतो. मग दहा किलो वस्तुमान गेलं कुठे?

हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. आपल्या शरीरातल्या चरबीच्या सरासरी रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू धरता येतात. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. रेणुभारांवरून गणित केलं तर दहा किलो चरबीला सुमारे २९ किलो ऑक्सिजन लागतो; २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी बाहेर पडतं. म्हणजे चरबीचा मोठा भाग आपण चक्क श्वासावाटे बाहेर टाकतो. अर्थात नुसते जोरजोरात उच्छ्वास टाकून ती घटणार नाही. आधी ती पेशींमध्ये जळली पाहिजे.

श्वसन हे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे, ही कल्पना लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची. त्यानं आणि लाप्लासनं १७८२-८३ च्या हिवाळ्यात गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं, त्याच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि त्यानं सोडलेल्या वायूशी ते ताडून पाहिलं. पुढे त्यानं सेगँ या सहकाऱ्यावर प्रयोग करून दाखवलं, की माणूस काम करू लागला की त्याला अधिक ऑक्सिजन लागतो. १७९४ मध्ये लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला आणि एक प्रश्न तसाच राहिला. काम करताना शरीरात जळतं ते काय?

याचं उत्तर जर्मनीच्या लीबिगनं १८४२ मध्ये दिलं. स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात, म्हणून काम करताना स्नायूंतली प्रथिनंच खर्ची पडतात, असं त्याचं म्हणणं होतं. लीबिगचा दबदबा मोठा होता. कष्टकऱ्याला मांस हवंच, ही समजूतही त्यामुळे बळकट झाली.

ही कल्पना तपासायला झुरिकचे दोन प्राध्यापक चक्क डोंगर चढले. आडोल्फ फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि योहानेस विस्लिसेनुस हे रसायनशास्त्रज्ञ. ३० ऑगस्ट १८६५ रोजी ते ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न शिखरावर गेले. चढ १९५६ मीटरचा. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनं वर्ज्य केली होती. पिठूळ पदार्थ, चरबी आणि साखर एवढ्यावरच ते होते. चढताना आणि त्यानंतर काही तास त्यांनी आपलं मूत्र गोळा केलं. प्रथिनं जळली की त्यातला नायट्रोजन मूत्रातून बाहेर पडतो, तेव्हा नायट्रोजन मोजला की जळलेल्या प्रथिनांचा अंदाज येतो. तो प्रत्येकी सुमारे ३७ ग्रॅम निघाला.

आता गणित. फिक यांचं वजन ६६ किलो. ते १९५६ मीटर वर नेण्याचं काम सुमारे ३०० किलोकॅलरी भरतं. ३७ ग्रॅम प्रथिनांतून, ग्रॅमला ४ किलोकॅलरी या दरानं, १५० च्या आसपास मिळतात. म्हणजे निम्म्याच. प्रथिनांच्या ज्वलनाची उष्णता तेव्हा कोणी नीट मोजलेली नव्हती. ती १८६६ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड फ्रँकलंड यांनी मोजली आणि लीबिगचा सिद्धांत कोसळला. चढण्याची ऊर्जा मुख्यतः पिष्टमय पदार्थ आणि चरबी यांच्याकडूनच आली होती. भरभर चालणं, धावणं, पोहणं, सायकल चालवणं अशा दमश्वासाच्या व्यायामांनी, आजच्या भाषेत ‘कार्डिओ’नं, चरबी जळते यामागचा शास्त्रीय पुरावा इथून सुरू होतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण पावच भाग कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. तेव्हा फिक यांचा खरा खर्च सुमारे १२०० किलोकॅलरी झाला असणार. एक ग्रॅम चरबी ९ किलोकॅलरी देते. हा सगळा खर्च चरबीतूनच भागला असं मानलं, तरी जवळजवळ दोन हजार मीटर चढून जळणार अवघी १३०-१३५ ग्रॅम, म्हणजे वाटीभर तेलाइतकी! दिवसभराच्या चढाईत जे गेलं, ते एका मेजवानीत परत येऊ शकतं.

जमाखर्चाची दुसरी बाजू, म्हणजे आहार, नेमकेपणानं मोजली ती अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी. १८९० च्या दशकात मिडलटाउन इथं त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीनं माणूस राहू शकेल असा उष्णतामापक बांधला. छोट्याशा बंद खोलीत माणूस काही दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, कधी सायकल चालवायचा. आत गेलेलं अन्न, बाहेर आलेली उष्णता, वायू, मलमूत्र सगळं मोजलं जायचं. जमा आणि खर्च जवळजवळ तंतोतंत जुळले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वाफेच्या इंजिनाइतकाच माणसालाही लागू होता. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला ४ आणि चरबी ९ किलोकॅलरी, हे पाठ्यपुस्तकातले आकडे ॲटवॉटर यांच्याच कामातून आलेले आहेत.

मग प्रश्न सुटलाच की! कमी खा, जास्त चाला, वजन उतरेल. ते उतरतंच. पण इथंच एक गफलत दडलेली आहे. ॲटवॉटर यांची वही ऊर्जेची होती आणि आपण पाहतो तो काटा वजनाचा. उतरलेलं वजन चरबीचं आहे की आणखी कशाचं, हे काटा सांगत नाही.

ते ओळखण्याची युक्ती आर्किमिडीजच्या तत्त्वातून मिळाली. चरबीची घनता पाण्याहून कमी, ०.९ च्या आसपास. बाकीच्या शरीराची १.१ च्या आसपास. माणसाला हवेत आणि मग पाण्याखाली तोललं, फुफ्फुसातल्या हवेचा हिशेब वजा केला, की शरीराची घनता आणि त्यावरून चरबीचं प्रमाण काढता येतं. अमेरिकी नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंवर हे करून पाहिलं. उंची-वजनाच्या तक्त्यांप्रमाणे त्यांतले १७ जण लष्करात घ्यायला नालायक ठरतील इतके जाड होते. घनता पाहिली, तर बहुतेकांच्या अंगात चरबी कमीच होती. जास्तीचं वजन स्नायूंचं होतं.

गफलतीची दुसरी बाजू महायुद्धाच्या अखेरीस दिसली. युरोपात उपासमार झालेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी त्यासाठी ३६ तरुण निवडले. शस्त्र हाती धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनं आले होते. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना रोजच्या निम्म्याच्या आसपास, सुमारे १५७० किलोकॅलरींचं जेवण मिळालं आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालण्याचीही सक्ती होती. सरासरी वजन ६९ किलोंवरून ५३ किलोंवर आलं. घटलेल्या वजनात चरबी होती, तसे स्नायूही होते. शरीरानं खर्च आखडता घेतला. विश्रांतीच्या वेळची ऊर्जेची गरज सुमारे ४० टक्क्यांनी घटली. माणसं चिडचिडी, उदास झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. पुन्हा पोटभर जेवण सुरू झालं, तेव्हा चरबी भराभर परतली आणि स्नायू मात्र मागं राहिले. ही माणसं मुळात लठ्ठ नव्हती हे ध्यानात घेऊनही यातून एक गोष्ट कळते. खाणं फार तोडलं आणि सोबत चालणं ठेवलं, तरी स्नायू आपोआप वाचत नाहीत.

स्नायू वाचवायचे कसे, याचं उत्तर त्याच सुमारास शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात तयार होत होतं. जखमी सैनिकांना तेव्हा हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावत. जड वजनं अपायकारक मानली जात. डॉ. टॉमस डिलॉर्म यांनी उलट केलं. जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतकं वजन द्यायचं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत न्यायचं. वाळलेले स्नायू भरू लागले. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या व्यायामशाळांतल्या ‘सेट’ची मोजणी तिच्यातूनच रुळली.

हे धागे एकत्र यायला मात्र आणखी चार दशकं गेली. १९८८ साली डग्लस बॅलर आणि सहकाऱ्यांनी चाळीस लठ्ठ स्त्रियांचे चार गट करून आठ आठवडे प्रयोग केला. नुसता आहार कमी केलेल्या गटाचं वजन साधारण साडेचार किलोंनी उतरलं, पण त्यात जवळजवळ एक किलो चरबीखेरीजचा भाग होता. आहार कमी करून वजनंही उचललेल्या गटाचं वजन चार किलोंहूनही थोडं कमीच उतरलं, पण चरबीखेरीजचा भाग किंचित वाढला. वजाबाकी करून पाहा. काट्यावर मागं पडलेल्या गटानंच चरबी जास्त घालवली होती! २०१२ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटानं आहार न बदलता व्यायामांची तुलना केली. चरबी घटवण्यात दमश्वासाचा व्यायाम सरस ठरला, स्नायू वाढवण्यात वजनं. दोन्ही केलेल्यांना दोन्ही लाभ झाले, पण वेळ दुप्पट द्यावा लागला.

तेव्हा आहार, चालणं-धावणं आणि वजनं उचलणं यांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद फोल आहे. तिघांची कामं वेगळी आहेत. आहारानं जमा आवरते, दमश्वासाच्या व्यायामानं खर्च वाढतो, आणि वजनं उचलल्यानं खर्चाची झळ स्नायूंना लागत नाही.

या इतिहासाचं शेवटचं प्रकरण आपल्या पुण्यात लिहिलं गेलं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच. देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधली बाळं यांची तुलना झाली होती. आपली बाळं वजनानं पाऊण किलोहून जास्त कमी होती, पण त्यांच्या स्नायूंच्या मानानं चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त अशा या देहाचा मधुमेहाशी संबंध असल्यामुळे हा केवळ सौंदर्याचा विषय उरत नाही.

शाळेत आपण वजन-उंचीची नोंद ठेवतो. ठेवावीच. पण त्या आकड्यावरून कोणाला ‘जाड्या’ म्हटलं जातं, आणि त्या धास्तीनं डबा न उघडताच घरी नेणारी मुलं-मुली वरच्या वर्गांत असतात. वाढत्या वयात खाणं तोडून काटा खाली आणणं म्हणजे हाडं-स्नायूंच्या वाढीतच काटछाट करणं. त्यांना उपाशी राहू देऊ नका. डाळ, उसळ, दूध, अंडी पोटात जाऊ द्या. खेळाचा तास गणिताला देऊ नका, त्यात पळणं असू द्या आणि जोर-बैठकाही. आणि काट्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला हा प्रश्न विचारायला शिकवा: हे वजन कशाचं?