विंडोज व लिनक्स यांच्या सुरक्षिततेचा तुलनात्मक इतिहास : न्हावाशेवा बंदरावरील हल्ल्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
संगणकाची कोणती कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, अधिक सुरक्षित, हा वाद महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतही ऐकू येतो. विंडोजला विषाणू लागतो, लिनक्सला लागत नाही, असे सरसकट विधान केले जाते. प्रस्तुत लेखात हे विधान इतिहासाच्या कसोटीवर तपासले असून त्यासाठी महाराष्ट्रातील एका घटनेचा विशेष आधार घेतला आहे.

दोन परंपरा :
लिनक्सने (१९९१) ज्या युनिक्सचा आदर्श ठेवला, त्याचा जन्म १९६९ साली बेल प्रयोगशाळेत झाला. एकाच संगणकावर अनेकांना काम करावयाचे असल्याने कोणाची फाइल कोणी वाचावी व कोणी बदलावी, याचे नियम तेथे आरंभीच करावे लागले. याउलट डॉस व विंडोज ९५ यांच्या दृष्टीने समोर बसेल तो संगणकाचा मालक. विंडोज एनटीत (१९९३) अधिकारांची काटेकोर व्यवस्था होती. परंतु तिच्याच वंशातील विंडोज एक्सपीत (२००१) घरगुती वापरकर्त्याचे खाते बहुधा प्रशासकाच्याच अधिकाराचे असे. या बाबतीत लिनक्सचे पारडे जड होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्म पसरला तो युनिक्सवर चालणाऱ्या संगणकांतूनच, हे सहसा सांगितले जात नाही.

न्हावाशेवा, २०१७ :
२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरला. मर्स्क या डॅनिश समूहाचे संगणक बंद पडताच उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालविले जाणारे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

हा हल्ला विंडोजवरचा होता, यात शंका नाही. मात्र ज्या त्रुटीचा त्याने लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे साडेतीन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. आणखी एक बाब अधिक बोलकी आहे. हा प्रोग्रॅम संगणकाच्या स्मृतीतून प्रशासकाचे परवलीचे शब्द चोरत असे व त्यांच्या बळावर दुरुस्ती झालेल्या संगणकांतही शिरत असे. एकच किल्ली सर्व खोल्यांना लागत असेल, तर एखाद्या दाराचे कुलूप बदलून काय साधणार?

मुक्त स्रोताची बाजू :
लिनक्सचा स्रोत सर्वांना खुला असल्याने दोष लपत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लिनक्समधील उपयुक्त सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट आढळली. दीर्घकाळ विश्वास संपादन करून सहयोग देणाऱ्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने ती घातली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, त्यावरून ती सापडली. स्रोत खुला होता म्हणून तपास झाला, हे खरे. परंतु शंका येण्यास योगायोगही लागला.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि जुन्या अनेक संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. त्यामुळे तीर्थपुरीसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांपुढे लिनक्सचा पर्याय, त्यात सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' प्रणालीही, आपोआपच येतो. तो स्वीकारताना विद्यार्थ्यांना प्रशासकाचे खाते न देणे आणि अद्ययावतीकरणाची जबाबदारी नावानिशी कोणाकडे तरी सोपविणे, ही दोन कामे प्राचार्यांना तरीही करावीच लागतील.