घोटीचा काळा पाषाण आणि मालवणची प्रवाळे

मुंबई-आग्रा महामार्गाने इगतपुरी ओलांडली की घोटीच्या परिसरात भाताची खाचरे आणि त्यांच्या पाठीशी कळसूबाईची डोंगररांग दिसू लागते. १,६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर ज्या काळ्या पाषाणाचे आहे, तो बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. दख्खनच्या पठाराचा हाच खडक कार्बन डायऑक्साइड कायमचा साठविण्यासाठी वापरता येईल का, याचा शास्त्रज्ञ अभ्यास करीत आहेत.

या वायूची झळ समुद्रातील प्रवाळांना विशेष बसते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे २८० रेणू होते. २०२४ मध्ये ही संख्या ४२०च्या पुढे गेली. मानवी उत्सर्जनापैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते आणि प्रवाळांना सांगाडा बांधण्यासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. शिवाय पाणी फार तापले, तर प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली. १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेला मालवणचा किनारा आणि सिंधुदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत बुडालेला अँग्रिया बँक हा उंचवटा, ही महाराष्ट्राची प्रवाळक्षेत्रे. त्यांनाही हा धोका आहेच.

बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह मुबलक असते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडकात सोडल्यास या धातूंशी त्याचा संयोग होऊन कार्बोनेट खनिजे तयार होतात. म्हणजे वायूचा दगड होतो. आइसलँडमधील ‘कार्बफिक्स’ प्रकल्पात २०१२ मध्ये असा वायू जमिनीत सोडण्यात आला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे कार्बन पकडून त्याचा वापर करण्याच्या संशोधनासाठी आयआयटी मुंबईत राष्ट्रीय केंद्र आहे.

हेच काम निसर्ग संथ गतीने करतो. पावसाच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो आणि बायकार्बोनेटच्या रूपाने दारणेतून गोदावरीत व पुढे बंगालच्या उपसागरात पोहोचतो. हा वेग वाढविण्यासाठी बेसॉल्टची भुकटी शेतात पसरण्याचा प्रयोग भारतातील भातशेतीत सुरू आहे. तो करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ मध्ये ‘एक्सप्राइझ’चे पाच कोटी डॉलरचे पारितोषिक मिळाले. मात्र घोटीची माती मुळातच बेसॉल्टची असल्याने तेथे नव्या भुकटीचा लाभ किती, हे स्थानिक चाचणीनेच ठरेल.

उपायांना मर्यादाही आहेत. खडक दळण्यास व वाहून नेण्यास ऊर्जा लागते. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलूनही ज्या इगतपुरी तालुक्यातील वाड्यापाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते, तेथे हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही. शिवाय दगडात गाडलेला वायू मेलेली प्रवाळे परत आणू शकत नाही. म्हणून धुराड्यातून बाहेर पडणारा वायू कमी करणे हाच पहिला उपाय. सह्याद्रीचा पाषाण उरलेला भार उचलू शकेल. सगळा भार त्याच्यावर टाकणे मात्र परवडणारे नाही.