शिकागोचा एकोणिसावा वॉर्ड

आकडे आधी उरकून घेऊ. १८४० साली शिकागोत जेमतेम साडेचार हजार माणसं होती. १८९० साली जवळजवळ अकरा लाख. मधे १८७१ची ती प्रचंड आग, तरीही वाढ थांबली नाही. रेल्वे, कत्तलखाने, पोलाद यांना हात हवे होते. ते जर्मनी, आयर्लंड, पोलंड, बोहेमिया, इटलीतून आले. १८९०च्या शिकागोत दर दहांपैकी चार माणसं परदेशात जन्मलेली होती.

पुस्तकं यापुढे 'नगरपालिकेत भ्रष्टाचार माजला' असं एक वाक्य टाकून मोकळी होतात. आपल्याला त्याच वाक्यापाशी थोडं रेंगाळायचं आहे.

एकोणिसावा वॉर्ड हा अशा नवागतांचा. तिथे १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन स्टार यांनी 'हल हाऊस' सुरू केलं. वॉर्डात कचरा उचलला जात नव्हता. ॲडम्सबाईंनी १८९५ मध्ये कचरा-निरीक्षकाची नेमणूक मिळवली आणि पहाटे उठून त्या गाड्यांच्या मागे फिरू लागल्या! पण नगरसेवक जॉनी पॉवर्स याला पाडायचे १८९६ आणि १८९८ चे दोन्ही प्रयत्न फसले. लोकांनी त्यालाच निवडलं.

का? पॉवर्स नोकऱ्या लावून द्यायचा, नाताळात टर्की वाटायचा, मयताचा खर्च उचलायचा. याला आपण लाच म्हणून मोकळे होतो. ॲडम्सबाईंना मात्र एक प्रसंग बोचत राहिला. हल हाऊसच्या पाळणाघरात सोडून दिलेलं एक मूल दगावलं. त्याला सरकारी खर्चानं पुरायचं ठरलं. विवेकाला धरूनच होतं ते. पण शेजारीपाजारी हादरले, त्यांनी वर्गणी काढली. गरिबाच्या मुलालासुद्धा बेवारशासारखं पुरायचं नाही, ही त्यांची नीती. आणि ती पॉवर्सला कळत होती, सुधारकांना कळत नव्हती.

१९०२च्या 'डेमॉक्रसी अँड सोशल एथिक्स' या पुस्तकात बाईंनी हे मांडलं आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नीती वरून सांगायची नसते, शेजारात राहून समजून घ्यायची असते, हे त्या पुस्तकाइतकं नेमकं फार थोड्या ठिकाणी सापडतं. त्या वेळी शिकागो विद्यापीठात असलेले जॉन ड्यूई हल हाऊसशी जवळून जोडलेले होते. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे गुरू झाले. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मात्र पॉवर्सला संत करायचं कारण नाही. ट्राम कंपनीचा मालक यर्क्स याच्याशी त्याचं साटंलोटं होतं. कंपनीला शहराचे रस्ते वापरायचे हक्क हवे असत आणि पॉवर्सचं मत तिच्या पारड्यात पडे. म्हणजे मयताला आलेले पैसे शेवटी त्याच लोकांच्या रोजच्या ट्रामभाड्यातून वसूल होत. ॲडम्सबाईंनी हाही हिशेब मांडला होता. पण दाराशी आलेला माणूस दिसतो, भाड्यातली वाढीव पेनी दिसत नाही.