दुसरें मूळ

कांहीं वर्षांपूर्वीं परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत असतां एक लहानसा प्रकार आमच्या नजरेस आला. प्रश्न साधाच होता: एका आयताकृति अंगणाची लांबी रुंदीहून ७ मीटर अधिक असून क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? यांतून जें वर्गसमीकरण निघतें त्याचीं मुळें ५ व −१२ अशीं येतात. एका विद्यार्थ्यानें 'रुंदी ५ किंवा −१२ मीटर' असें निर्विकारपणें लिहून टाकलें होतें. दुसऱ्यानें −१२ वर काट मारून शेजारीं कारण दिलें होतें कीं, ऋण उत्तर नेहमीं सोडून द्यावें. पहिल्याचे गुण आम्हीं कापले आणि दुसऱ्यास पुरे दिले. मागाहून विचार करितां हा न्याय बरोबर झाला नाहीं असें आम्हांस वाटूं लागलें. पहिल्यानें सूत्रावर विश्वास ठेविला, दुसऱ्यानें कोणीं तरी सांगितलेल्या नियमावर. अंगणाकडे दोघांपैकीं एकानेंहि पाहिलें नव्हतें.

'ऋण तें खोडावें' हा नियम कितपत टिकतो हें पाहावयाचें असेल तर भास्कराचार्यांच्या बीजगणितासारखें दुसरें ठिकाण नाहीं. सिद्धांतशिरोमणीचा हा भाग शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराचा. त्यांतील वर्गसमीकरणाच्या प्रकरणास 'मध्यमाहरण' असें नांव आहे. मधलें पद काढून टाकावयाचें, हा त्याचा अर्थ. ही रीत आचार्यांनीं आपली म्हणून सांगितली नाहीं. ती श्रीधराची आहे असें त्यांनीं स्वच्छ लिहिलें आहे, आणि श्रीधराचें बीजगणित लुप्त झाल्यामुळें आज ही रीत त्याच्या नांवावर राहिली आहे ती केवळ या प्रामाणिक उल्लेखामुळें. ब्राझील देशांतील शाळांतून वर्गसमीकरणाच्या सूत्रास 'भास्कराचें सूत्र' म्हणतात. आपणांस हें ऐकून आनंद होतो खरा. पण स्वतः आचार्यांनीं तें नांव दुरुस्त केलें असतें.

श्रीधराची रीत अशी. अ क्ष² + ब क्ष = क असें समीकरण असेल तर दोन्ही पक्षांस अव्यक्ताच्या वर्गाच्या गुणकाच्या चौपटीनें, म्हणजे ४अ नें गुणावें, आणि दोहोंत अव्यक्ताच्या मूळच्या गुणकाचा वर्ग ब² मिळवावा. डावा पक्ष (२अ क्ष + ब) याचा पूर्ण वर्ग होतो, अपूर्णांक कोठें शिरत नाहींत, आणि मग वर्गमूळ घेतलें कीं काम झालें. शाळेंत घोकविलें जाणारें सूत्र म्हणजे हीच कृति एका ओळींत आवळलेली आहे. आवळतांना एक गोष्ट मात्र हरवली. मूळ घेण्याच्या क्षणीं गणित करणारा थांबे, कारण धनसंख्येचें वर्गमूळ धन आणि ऋण असें दोन प्रकारचें असतें हें त्यास ठाऊक होतें, व येथें कोणतें घ्यावें हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राही. सूत्रांतील अधिक-उणें हें जोडचिन्ह तो प्रश्न गिळून टाकतें.

या प्रश्नासाठीं आचार्यांनीं जीं उदाहरणें घातलीं आहेत त्यांचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. पहिलें वानरांचें. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग इतकीं वानरें वनांत खेळत आहेत, बाकीचीं बारा टेकडीवर आहेत. तर एकंदर किती? उत्तरें ४८ आणि १६. पहिल्यांत सहांचा वर्ग ३६ व बारा मिळून ४८, दुसऱ्यांत दोहोंचा वर्ग ४ व बारा मिळून १६. दोन्ही कळप खरे, आणि आचार्यांनीं दोन्ही घेतले आहेत. लगेच पुढें दुसरा कळप येतो. त्याच्या पंचमांशांतून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग इतकीं वानरें गुहेंत गेलीं, एक फांदीवर चढलेलें दिसतें. येथें मुळें ५० आणि ५. पन्नासाचा पंचमांश दहा, त्यांतून तीन गेलीं सात, वर्ग ४९ व एक मिळून ५०, हें ठीक. परंतु पांचाचा पंचमांश एक. त्यांतून तीन कशीं वजा करणार? बाकी −२, तिचा वर्ग ४, त्यांत एक मिळविला कीं ५ होतात. समीकरण तंतोतंत जुळतें आणि तरीहि आचार्य हें मूळ टाकतात. उणें दोन वानरें ही गोष्ट लोकांस पटण्याजोगी नाहीं, असें कारण ते देतात. टाकलेलें मूळ ५ हें धन आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. दोष मुळांत नसून वाटेंत आहे.

तिसरें उदाहरण शंकूचें, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत सुंदर. बारा अंगुळांची काठी उन्हांत उभी केली आहे. काठीच्या शेंड्यापासून छायेच्या टोंकापर्यंतचें अंतर तो कर्ण. छायेंतून कर्णाचा तृतीयांश वजा केला तर चौदा अंगुळें उरतात. तर छाया किती? उत्तरें साडेबावीस आणि नऊ. साडेबावीस घेतलें तर कर्ण साडेपंचवीस, त्याचा तृतीयांश साडेआठ, बाकी चौदा. आतां नऊ पाहा. नऊ आणि बारा या भुजांचा कर्ण पंधरा. असा त्रिकोण कोणीहि अंगणांत काढून दाखवील. दोन्ही मुळें धन, दोन्ही त्रिकोण खरे. तथापि नवांतून कांहीं वजा करून चौदा उरणें शक्य नाहीं, म्हणून आचार्य नऊ सोडून देतात. समीकरणास तें चालतें, कारण वाटेंत कर्णाची किंमत −१५ झालेली असते, आणि कर्णाचा वर्ग केला कीं तें चिन्ह लपतें. पद्मनाभाच्या बीजांत दोन मानांविषयीं जो नियम होता त्यावर आचार्यांनीं याच उदाहरणानें दोष दाखविला, आणि आपल्या नियमांत मूळ दोन प्रकारचें 'क्वचित्' येतें असा शब्द घातला. त्या एका शब्दांत सारा निवाडा आहे.

तर मग ऋण राशि त्यांस नकोशीच वाटत होती काय? तसेंहि नाहीं. लीलावतींत एक त्रिकोण आहे: पाया ९, बाजू १० व १७. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला असतां पायाचे जे दोन खंड पडतात त्यांस आबाधा म्हणतात. हिशेब करितां एक खंड १५ येतो आणि दुसरा −६. पायाच नऊ असतां पंधराचा खंड कसा, असें वाटेल. पण त्रिकोण काढून पाहिला तर लंब पायाच्या बाहेर पडतो, आणि ते सहा उलट्या दिशेनें मोजावयाचे असतात. आचार्यांनीं येथें ऋण संख्या निःशंकपणें ठेविली आहे व तिचा अर्थ दिशेचा उलटेपणा असा सांगितला आहे. लंब आठ येतो, दोन्ही बाजूंनीं पडताळा जमतो. म्हणजे वानरांत ऋण नको, रेषेंत ऋण चालतें, आणि छायेंत धन असूनहि मूळ नको.

इतर देशांतील हकीकत थोडक्यांत सांगतों. बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीनें नवव्या शतकांत दोन धन मुळांचीं समीकरणें बरोबर सोडविलीं. ऋण मूळ त्याच्या गणतींतच नव्हतें. इटलींतील कार्दानोनें १५४५ मध्यें ऋण मुळांस कल्पित म्हटलें, देकार्तनें १६३७ मध्यें खोटीं म्हटलें. दिशेच्या उलटेपणाचा अर्थ झिरार यानें १६२९ मध्यें सांगितला. यावरून सर्व कांहीं आमच्याकडे आधींच होतें असें म्हणणाऱ्यांस मात्र आम्ही साथ देणार नाहीं. ऋणसंख्येस वर्गमूळ नाहीं असें सांगून आचार्य तेथें थांबले. त्याच कार्दानोनें दहाचे असे दोन भाग मागितले कीं गुणाकार चाळीस व्हावा, आणि −१५ चें वर्गमूळ कागदावर मांडून गुणाकार करून पाहिला. तें धाडस आपल्याकडे झालें नाहीं.

आपल्याकडे झालें तें वेगळें. मूळच्या विदर्भांतील घराण्यांतला कृष्णदैवज्ञ जहांगीर बादशहाच्या पदरीं होता. त्यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं भास्करीय बीजावर टीका लिहिली, आणि ऋणत्व हें स्थळाचें, काळाचें व वस्तूचें असें तीन परींचें असतें असें विवरण केलें: उलट दिशा, उलट काळ, आणि धनकोच्या जागीं ऋणको. वानरांस यांतील एकहि अर्थ लागत नाहीं.

हल्लीं वर्गसमीकरणें शिकवितांना आम्ही अंगणाचें उदाहरण मागें ठेवितों व शंकूचें पुढें आणतों. विद्यार्थी ९ आणि साडेबावीस हीं मुळें काढतात; कोठेंहि ऋणचिन्ह नाहीं असें पाहून बहुतेकजण दोन्हींखालीं रेघ ओढून वही मिटतात. मग मागच्या बांकावरून कोणी तरी विचारतो, 'नवांतून चौदा कसे उरतील?' आणि वह्या पुन्हां उघडतात.