साखरेचा काटा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका महिला मंडळानं संक्रांतीच्या आधी दोन दिवसांचं विक्री-प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. मी अर्ज दिला आणि नमुना म्हणून डझनभर कुकीज घेऊन गेले. पतंग, सुगडं, तिळगुळाची वाटी आणि एक काळी चंद्रकळा. त्या चंद्रकळेवरच्या चांदण्या काढायला मला शून्य नंबरच्या ब्रशनं दीड तास लागला होता. मंडळाच्या काकूंनी चष्मा वर सरकवून एकेक कुकी पाहिली, दोघी-तिघींना हाक मारून दाखवली, आणि मग डबा माझ्याकडे ढकलत म्हणाल्या, "हात फार छान आहे गं तुझा. पण आपलं प्रदर्शन पारंपरिक पदार्थांचं आहे. हे काही आपलं नाही. हलव्याचे दागिने करत असशील तर सांग, लगेच टेबल देते."

मी "बरं काकू" म्हणून निघाले. राग आला तो रिक्षात बसल्यावर. सहा वर्षं मी हेच काम करतेय. त्यातून घरात पैसे येतात, मुलीची फी जाते. घरी येईपर्यंत मनातल्या मनात काकूंशी तीनदा भांडून झालं होतं. श्रूजबेरी बिस्किटं कोणाची हो? गाव इंग्लंडातलं, पण पुण्याला आलेला पाहुणा कयानीच्या रांगेत उभा राहिल्याशिवाय परत जात नाही. ती कधी 'आपली' झाली? पण हे झाले वादाचे मुद्दे. आपण रोज जे करतो ते मुळात आलं कुठून, हे मलाही धड माहीत नव्हतं. काकूंना उत्तर द्यायचं म्हणूनच मी वाचायला लागले, हे प्रामाणिकपणे सांगून टाकते.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कुकी फुगणार नाही, कडा वितळणार नाही अशी घट्ट कणीक मळायची, लाटायची, कापायची, भाजायची. अंड्याच्या पांढऱ्यात (किंवा मेरिंग पावडरमध्ये) आयसिंग शुगर घोटून रॉयल आयसिंग करायचं. घट्ट आयसिंग कोनात भरून बाह्यरेषा काढायची, त्यातच थोडं पाणी घालून सैल केलेलं आतमध्ये सोडायचं. ते रात्रभर वाळलं की कागदासारखं गुळगुळीत होतं, मग त्यावर ब्रशनं रंगवता येतं. फाँडंट म्हणजे साखरेची कणीक, ती पोळीसारखी लाटून कापतात. बिनअंड्याचं हवं असेल तर छोले शिजवलेलं पाणी फेटायचं. पुण्यात निम्म्या ऑर्डरी तशाच असतात. आणि जुलै-ऑगस्टात काहीही वाळत नाही, त्यावर उपाय फक्त पंखा आणि देवाचं नाव.

सजवलेल्या बिस्किटाचा माग काढत मागे गेलं की पहिल्यांदा जिंजरब्रेड भेटतं. इंग्लंडातल्या पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात त्याची कृती आहे. गंमत म्हणजे तिच्यात आल्याचा उल्लेखच नाही. ते भाजायचंही नाही. उकळलेल्या मधात ब्रेडचा चुरा, केशर, मिरी आणि दालचिनी घालून त्याचा गोळा थापायचा. लाल हवं असेल तर चंदन घालायचं. वर बॉक्सवुडच्या झुडपाची पानं लवंगांनी टोचून बसवायची. हे चंदन म्हणजे रक्तचंदन, आंध्रच्या डोंगरातलं. आजी मुका मार लागला की सहाणेवर उगाळायची तेच! मिरी मलबारची, दालचिनी सिंहलद्वीपाची. ते वाचून मला क्षणभर काकूंचा दरवाजा ठोठवावासा वाटला. पण हा मोह आवरायला हवा. सामान आपल्याकडून गेलं म्हणून पदार्थ आपला होत नाही, नाहीतर जगातलं सगळंच आपलं म्हणावं लागेल. तसं म्हणणारे लोक भरपूर आहेत, त्यांच्यात माझी भर नको.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये या पदार्थाचा खरा व्यवसाय झाला. शहराभोवतीच्या जंगलात मधमाश्या पाळणाऱ्यांची वस्ती होती आणि मसाल्यांचा व्यापारी मार्ग शहरातून जात होता. मध आणि मसाला एका ठिकाणी आले की लेबकूखेन होणारच. 1487 साली सम्राट तिसरा फ्रेडरिक तिथे आला असताना त्यानं शहरातल्या सुमारे चार हजार मुलांना स्वतःचा चेहरा उमटवलेली लेबकूखेन वाटली असं सांगतात. राजकारण्यांनी खाऊच्या पुड्यावर फोटो छापायची कल्पना नवी नाही तर! 1643 मध्ये तिथल्या लेबकूखेन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. म्हणजे कोणीही उठून हे करायचं नाही. आधी उमेदवारी, मग परवाना. पोलंडमधल्या तोरुन्यमध्ये हेच लाकडी साच्यांवर चालत असे: राजे-राण्या, घोडागाड्या, लहान बाळं, सगळं लाकडात उलटं कोरायचं आणि कणीक त्यात दाबायची. आपल्याकडे खव्याच्या बर्फीचे आणि साखरेच्या चित्रांचे साचे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

साचा मागे पडून हातानं आयसिंग काढणं ठळक झालेलं मला सगळ्यात जास्त आवडलं ते उत्तर क्रोएशियात. तिथे त्याला लिचितार म्हणतात. लालभडक रंगवलेलं हृदयाच्या आकाराचं बिस्किट, कडेनं पांढऱ्या आयसिंगची वेलबुट्टी, मध्ये चिमुकला आरसा, आणि दोन ओळींचा प्रेमाचा मजकूर. जत्रेत मुलगा मुलीला ते देणार. लग्न ठरलं की नवरा-नवरीचं नाव आणि तारीख घातलेलं. घटक अगदी साधे: मैदा, साखर, पाणी, खायचा सोडा, मसाले. पण भाजून, वाळवून, रंगवून झालेलं हे हृदय खायचं नसतं, भिंतीवर लावायचं असतं. हे कारागीर मध आणि मेणबत्त्याही विकत. प्रत्येकाचा इलाखा ठरलेला, दुसऱ्याच्या इलाख्यात जायचं नाही. विद्या बापाकडून मुलाकडे जायची. बायकांच्या हातात ती रीतसर फार उशिरा आली. 2010 मध्ये युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

इथे मी पुस्तक मिटून जरा बसले. गिऱ्हाईकं मला हमखास विचारतात, "हे खायचं की नुसतं बघायचं?" विचारण्यात बहुतेक वेळा किमतीबद्दलची तक्रार असते. खायची वस्तू पाच मिनिटांत संपणार, तिला एवढे पैसे? आणि खायची नसेल तर मग वायाच. आता मी त्यांना क्रोएशियातल्या भिंतींबद्दल सांगते. पटतं असं नाही.

इथवर सगळी कहाणी मधाची होती. पांढऱ्या आयसिंगला लागते साखर, आणि ती युरोपात दीर्घकाळ औषधाच्या दुकानात मिळणारी चैन होती. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ह्यू प्लॅट या इंग्रज गृहस्थानं बायकांसाठी 'डिलाइट्स फॉर लेडीज' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात साखरेची कणीक करायची कृती आहे: बारीक वस्त्रगाळ साखर आणि गुलाबपाण्यात भिजवलेला ट्रॅगाकँथचा डिंक. हाच डिंक आपल्याकडे गोंद कतिरा म्हणून विकतात, उन्हाळ्यात सरबतात घालतात. श्रीमंतांच्या घरी अशा कणकेच्या ताटल्या आणि पेले करत आणि जेवणानंतर तेही खाऊन टाकत. आजच्या तयार फाँडंटमध्ये ग्लुकोज सिरप आणि ग्लिसरीन असतं, पण घराणं हेच.

त्याच पुस्तकात एक प्रकरण बियांवर साखर चढवण्याचं आहे. ते वाचताना मात्र माझ्या अंगावर काटा आला, आणि हा शब्द मी जाणून वापरतेय. प्लॅट सांगतो: पितळेचं खोलगट भांडं निखाऱ्यांवर टांगा. त्यात बडीशेप किंवा धने घ्या. पळीनं थोडा थोडा पाक सोडा आणि हातानं बिया हलवत राहा. प्रत्येक थर वाळू द्या, मगच पुढचा. गुळगुळीत दाणा हवा असेल तर पाक पातळ. खडबडीत हवा असेल तर पाक जास्त पक्का करा, फूटभर उंचावरून सोडा; जितका गरम सोडाल तितका दाणा काटेरी.

हे तर माझ्या आजीचं आहे! जानेवारीतली पहाट, मंद शेगडी, वर परात, परातीत तीळ किंवा खसखस, चमच्यानं एकेक थेंब पाक, आणि चार बोटांनी अखंड हलवणं. बोटं भाजायची. पाचव्या-सहाव्या दिवशी काटा फुटायचा. त्या दाण्यांचे हार, बाजूबंद, बिंदी गुंफून नव्या सुनेला काळ्या साडीवर घालायचे, बाळाला बोरन्हाणाला मुकुट करायचा. आजीनं प्लॅट वाचला नव्हता आणि प्लॅटनं पुणं पाहिलं नव्हतं. उसाची साखर करायची विद्या भारतातून इराण-अरबस्तानमार्गे पश्चिमेला गेली, पाठोपाठ साखरेच्या युक्त्याही फिरल्या. 'शर्करा' हा शब्द तर अजून युरोपातल्या भाषांमध्ये रूप बदलून नांदतोय. काकूंनी जिथे रेघ मारली होती, हलवा इकडे आणि आयसिंग तिकडे, ती रेघ या एका पुस्तकात तरी नाही.

रॉयल आयसिंगची पायरी यानंतरची. 1769 मध्ये एलिझाबेथ रॅफल्ड या बाईनं 'दि एक्स्पिरियन्स्ड इंग्लिश हाउसकीपर' छापलं. त्यातल्या लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा: पाच अंड्यांचं पांढरं पसरट भांड्यात सुरीनं अर्धा तास फेटायचं, त्यात दोन पौंड साखर हळूहळू घालायची, पुन्हा अर्धा तास. मिक्सर नाही, काही नाही. ही रॅफल्डबाई आधी बड्या घरात नोकरीला होती, मग मँचेस्टरमध्ये तिनं मिठायांचं दुकान काढलं आणि 1772 मध्ये त्या शहराची पहिली व्यापारी निर्देशिकाही तिनंच छापली. तिच्या हाताखाली संघ नव्हता, परवाना नव्हता. मला ती फार जवळची वाटते.

पुढे 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात सुमारे तीनशे पौंडांचा पांढराशुभ्र केक झाला, वर साखरेची ब्रिटानिया वधूवरांना आशीर्वाद देत उभी. 'रॉयल' हे नाव या केकवरून पडलं असं सांगितलं जातं. राणीनं केलं की मध्यमवर्गाला हवंच. पांढरं आयसिंग म्हणजे घरात उत्तम प्रतीची साखर आहे याची जाहिरात. 1874 मध्ये ब्रिटननं साखरेवरची जकात काढली आणि ती जाहिरात सगळ्यांच्या आवाक्यात आली. रंगांची हौस तर इतकी फोफावली की पिवळ्यासाठी शिशाचं क्रोमेट, हिरव्यासाठी तांब्याचं आर्सेनाइट सर्रास वापरत. 1850 च्या दशकात आर्थर हॅसल या डॉक्टरनं 'लॅन्सेट'मध्ये त्याचे पुरावे छापले तेव्हा कुठे कायद्याची हालचाल सुरू झाली. माझ्या जेल कलरच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी तेव्हापासून नीट वाचते.

पण ही साखर कोण पिकवत होतं? कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. मॉरिशसमध्येही तेच. 1835 मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली, पण त्याआधीच, 1834 च्या नोव्हेंबरात, भारतातून करारबद्ध मजुरांचं जहाज पोर्ट लुईला लागलं होतं. 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसं गेली. त्यातली काही मुंबई बंदरातून, रत्नागिरीकडची, साताऱ्या-कोल्हापूरकडची. त्यांनी तिथला ऊस तोडला, आणि ती साखर ब्रिटनला जात होती. त्यांचे वंशज अजूनही स्वतःला मराठी म्हणवतात, तिथल्या शाळांमध्ये मराठी शिकवली जाते. मजूर जिथे उतरत त्या आप्रवासी घाटाला 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. व्हिक्टोरियन काळातल्या त्या शुभ्र आयसिंगकडे मला आता नुसतं सुंदर म्हणून बघता येत नाही. आणि 'हे आपलं नाही' या वाक्याला उत्तर द्यायचं तर मी रक्तचंदनापेक्षा हे सांगेन. अभिमानानं नाही.

काकूंना मी यातलं काहीच सांगितलं नाही. त्या वाईट नाहीत, त्यांनी मला पुढच्या गल्लीतल्या दोन ऑर्डरीही पाठवल्या. पण जानेवारीत मी आईकडून आजीची परात मागून आणली. कडेला पोचा आलेली, तळ काळा पडलेली. आई सोबत आलीच, परात एकटी सोडायला ती तयार नव्हती. प्लॅटच्या म्हणण्याप्रमाणे मी पळी चांगली फूटभर उंच धरली. पाक परातीत कमी आणि ओट्यावर जास्त सांडला.

"उंचावरून कसला टाकतेस?" आई म्हणाली. "आजी उंचावरून नव्हती टाकत. चमचा अगदी परातीला टेकवून. पण पाक कढत असायचा हं, हाताला सोसवणार नाही असा."

मग तसं केलं. तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच नाही, दाणे नुसते चिकट गोल. चौथ्या दिवशी सकाळी आईनं परात उजेडाकडे नेली आणि मला हाक मारली. तिळाला बारीक, पांढरा, टोकदार काटा फुटला होता. त्यातले एकसारखे चाळीसेक दाणे निवडून मी एका काळ्या कुकीवर रॉयल आयसिंगच्या ठिपक्यांनी चिकटवले: हार, बाजूबंद, बिंदी. आईनं ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि विचारलं, "खायची का गं ही?"